मानोरा ते पुणे: मधल्या पायऱ्या कुठे गेल्या?

(या भागातलं बोलणं वाचायला सोपं जावं म्हणून थोडं नीटनेटकं केलंय. बाकी जसं बोललो तसंच.)

पुण्यात राहणाऱ्या कुणाशीही पाच मिनिटं बोला, विषय ट्रॅफिकवर येतो. आणि ट्रॅफिकवर आला की पुढचं वाक्य ठरलेलं असतं: "बाहेरचे लोक फार वाढलेत."

मी त्या बाहेरच्यांपैकीच एक. मूळचा मानोऱ्याचा, वाशिम जिल्हा. बीटेक केलं, आता पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. तेव्हा आज या 'बाहेरच्या' लोकांबद्दल बोलूया. पण सुरुवात पुण्यापासून नाही, मानोऱ्यापासून करू. पुण्यात गर्दी का झाली, हे पुण्याच्या सिग्नलला उभं राहून नीट दिसत नाही. जिथून माणसं निघतात तिथून बघावं लागतं.

एक गोष्ट आधीच सांगतो. आज जे लोकसंख्येचे आकडे सांगणार आहे ते २०११च्या जनगणनेचे आहेत. जुने आहेत, मान्य. पण २०२१ची जनगणना कोविडमुळे पुढे गेली ती गेलीच, त्यामुळे डोकी मोजून काढलेला याच्यानंतरचा पूर्ण आकडा देशात नाही. या मुद्द्यावर शेवटी येणारच आहे, कारण त्यात तुमचंही एक काम आहे.

कागदावरचं शहर

२०११ साली मानोरा शहर नव्हतं. तालुक्याचं ठिकाण होतं. तहसील होती, बाजार समिती होती, बसस्टँड होता, आठवडी बाजार होता. आजूबाजूच्या खेड्यांतली आणि तांड्यांतली माणसं "शहरात जाऊन येतो" म्हणून मानोऱ्यातच यायची. तरी जनगणनेच्या कागदावर ते गाव होतं.

कारण शहर कुणाला म्हणायचं याचा नियम आहे. जिथे नगरपरिषद, महानगरपालिका, कटक मंडळ यांसारखी संस्था आहे ते शहर. ती नसेल तर तीन अटी: लोकसंख्या किमान ५,०००, काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात, आणि दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसं. आता आमच्याकडे किराणा दुकानदाराचीही चार एकर असते आणि मास्तरांचीही. कोण शेतकरी आणि कोण नाही, हे ठरवायला बसलं तर दिवस मावळतो.

तर त्या नियमाने वाशिम जिल्ह्यात चार शहरं मोजली गेली. वाशिम, सुमारे ७८ हजार. कारंजा, सुमारे ६८ हजार. रिसोड, ३४ हजार. आणि मंगरूळपीर, ३१ हजारांच्या आसपास. जिल्ह्याची एकूण लोकसंख्या ११ लाख ९७ हजार आणि शहरात राहणारे फक्त २ लाख ११ हजार. म्हणजे शंभरातले अठरासुद्धा नाहीत. त्याच वेळी राज्यात शंभरातले पंचेचाळीस लोक शहरात राहत होते.

पुढे मानोरा आणि मालेगाव नगरपंचायती झाल्या. (मालेगाव म्हणजे नाशिकचं नव्हे हं, आमचं.) राज्य सरकारने तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती करायचं ठरवलं, त्यात हे झालं. रस्ते तेच, नाल्या त्याच, माणसंही तीच, आणि पाटी बदलल्याबरोबर जिल्ह्याचं 'शहरीकरण' वाढलं. त्यामुळे शहरं वाढली म्हणून कुणी आकडा सांगितला, तर आधी विचारा की माणसं वाढली की पाट्या वाढल्या.

एक छोटा प्रयोग

आता जरा गणित. घाबरू नका, भागाकार येतो ना, तेवढं पुरे.

जगातल्या बऱ्याच देशांत शहरांच्या आकाराबद्दल एक गंमत दिसते. सगळ्यात मोठं शहर घ्या. दुसऱ्या क्रमांकाचं शहर साधारण त्याच्या निम्मं असतं, तिसरं एकतृतीयांश, चौथं एकचतुर्थांश. फेलिक्स आउअरबाख नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने हे १९१३मध्ये मांडलं होतं, पण नाव झालं ते जॉर्ज झिफ या अमेरिकन अभ्यासकाचं. हा काही निसर्गाचा कायदा नाही, नुसतं निरीक्षण आहे. पण मोजपट्टी म्हणून बरं पडतं. शिडीच्या पायऱ्या सारख्या अंतरावर आहेत की मध्येच एखादी गायब आहे, हे त्यावरून कळतं.

आधी आपलं राज्य. मुंबई महापालिकेची लोकसंख्या १ कोटी २४ लाख. दुसरं पुणे, ते ६२ लाखांच्या आसपास हवं. होतं ३१ लाख. शेजारचं पिंपरी-चिंचवड त्यात मिळवलं तरी ४९ लाखांच्या आतच. म्हणजे वरचं टोक जड आहे. हे आपल्याला माहीतच होतं.

आता वाशिम जिल्हा. ७८ हजारांचं वाशिम पहिलं, तर दुसरं शहर ३९ हजारांचं हवं. पण कारंजा ६८ हजार. तिसरं २६ हजारांचं हवं, रिसोड ३४. चौथं २० हजारांचं हवं, मंगरूळपीर ३१. बघा, इथे उलटंच आहे. जिल्ह्याच्या आत कुणीही फार मोठं नाही, सगळे जवळजवळ सारखे. 'असमान वाढ' म्हणतात ती इथे दिसतच नाही. समानता आहे, आणि तरी पोरं निघून जातात.

मग एक पायरी वर जाऊ. पश्चिम विदर्भ, म्हणजे आपला वऱ्हाड. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशिम हे पाच जिल्हे. पहिलं अमरावती, ६ लाख ४७ हजार. दुसरं अकोला, सव्वाचार लाख. तिसरं? यवतमाळ, १ लाख १६ हजार. चौथं अचलपूर, १ लाख १२ हजार. मग खामगाव, अकोट, वाशिम, पुसद हे सगळे लाखाच्या खाली.

इथे थांबा. सव्वाचार लाखांवरून थेट सव्वा लाखाच्या आत. मध्ये काहीच नाही. दोन लाखांचं नाही, अडीच लाखांचं नाही, तीन लाखांचं नाही. पाच जिल्ह्यांत या आकाराचं एकही शहर नव्हतं. यवतमाळच्या कडेची गावं नंतर नगरपरिषदेत आली, त्यामुळे तो आकडा आता मोठा झालाय, पण तेवढ्याने खड्डा बुजत नाही.

मला वाटतं आपला खरा प्रश्न हा आहे. पुणे मोठं झालं हे लक्षण आहे. दुखणं मधल्या गायब पायरीत आहे.

पायरी गायब कशी होते

शहर मोठं होतं ते तिथली माणसं हुशार असतात म्हणून, असं आपण सहज बोलून जातो. "आमच्याकडच्या लोकांत दमच नाही" हे वाक्य मी गावाकडे शेकडो वेळा ऐकलंय. मला ते पटत नाही. वाशिमचीच गोष्ट बघा.

वाशिम म्हणजे जुनं वत्सगुल्म. दीड हजार वर्षांपूर्वी वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. अजिंठ्याच्या काही लेण्या ज्याच्या काळात कोरल्या गेल्या, तो हरिषेण राजा याच शाखेचा. इंग्रजांच्या काळातही वाशिम हा वऱ्हाडातल्या सहा जिल्ह्यांपैकी एक होता. १९०५मध्ये सरकारने सहाचे चार जिल्हे केले. त्यात वाशिम गेला, अचलपूरही गेला. वाशिम पुन्हा जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ला. ९३ वर्षांनी!

आता जिल्ह्याचं ठिकाण असण्याचा अर्थ काय? नुसतं कलेक्टर ऑफिस नाही. कोर्ट येतं, म्हणून वकील येतात. सिव्हिल हॉस्पिटल येतं, म्हणून डॉक्टर आणि औषधांची दुकानं येतात. अधिकाऱ्यांची मुलं येतात, म्हणून चांगल्या शाळांना मागणी येते. एक पाटी दुसरीला ओढते. ऑक्टोबर २०२४मध्ये राज्यात दहा सरकारी मेडिकल कॉलेजांचं उद्घाटन झालं, त्यात वाशिमचं आहे. जिल्हा नसता तर ते वाशिमला आलं असतं का, तुम्हीच सांगा. तर हे असं ओढणं अकोला-अमरावतीत सव्वाशे वर्षं सलग चाललं. वाशिमला मध्ये ९३ वर्षांची खाडाखोड आहे.

दुसरी गोष्ट रुळांची. १८६०च्या दशकात मुंबईहून नागपूरकडे रेल्वे आली. ती अकोल्यावरून, बडनेऱ्यावरून गेली, १८६७मध्ये नागपूरला पोचली. त्याच सुमाराला अमेरिकेत यादवी युद्ध झालं, मँचेस्टरला कापूस मिळेना, आणि वऱ्हाडच्या कापसाला भाव आला. रुळाला लागून असलेल्या गावांत जिनिंग-प्रेसिंग उभी राहिली. अमरावती आणि खामगाव मुख्य मार्गावर नव्हते, पण कापसाचा बाजार मोठा म्हणून त्यांना फाटे काढून दिले. पुढे मूर्तिजापूरहून कारंजा, दारव्हा करत यवतमाळपर्यंत छोटी लाईन टाकली, तीच आपली शकुंतला. कारंजा वाशिमच्या इतकं जवळ पोचलं त्यात या लाईनीचा आणि कापसाच्या बाजाराचा हात आहे. मानोरा तिच्या वाटेवर नव्हतं. आता शकुंतलाही काही वर्षांपासून बंद आहे.

आणि अगदी आत्ताची गोष्ट, समृद्धी महामार्ग. ७०१ किलोमीटर, ५ जून २०२५ला पूर्ण खुला झाला. आमच्या जिल्ह्यात तो कारंजा, मंगरूळपीर आणि मालेगाव तालुक्यांतून जातो. मानोऱ्यातून नाही.

मी तक्रार करत नाहीये. रस्ता सगळ्यांच्या दारातून नेता येत नाही. एवढंच सांगतोय की गावाचा आकार नशिबात लिहिलेला नसतो. रूळ कुठून न्यायचा, कचेरी कुठे ठेवायची, फाटा कुणाला द्यायचा हे कुणीतरी टेबलावर बसून ठरवतं. पुढची शंभर वर्षं माणसं त्या निर्णयामागे चालत राहतात.

सहाच्या आत घरी

आता हे आकडे घरात कसे उतरतात ते सांगतो.

माझी मावसबहीण. बारावी सायन्स झाली, मार्क चांगले. तिला बीएस्सीला जो विषय हवा होता तो गावात नव्हता. शेजारच्या तालुक्याला होता. घरात विरोध कुणाचाच नव्हता. मावशी म्हणाली, "पोरीचं शिक्षण आमाले पाह्यजेच हाय. फक्त दिवा लागायच्या आत घरी आली पाह्यजे."

प्रॅक्टिकल संपणार पाचला आणि परतीची शेवटची सोयीची एसटी त्याआधीच निघणार. नंतर काळीपिवळी, तीही भरली तर. मार्च २०२३पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, फार चांगली गोष्ट. पण तिकीट अर्धं झालं म्हणून गाडी उशिरा सुटत नाही ना! आमच्याकडे मुलीच्या कॉलेजचं अंतर किलोमीटरमध्ये मोजत नाहीत, शेवटच्या गाडीच्या वेळेत मोजतात.

मग घरात चर्चा झाली, आणि ती ऐकण्यासारखी होती. शेजारच्या गावी खोली करून ठेवायची? तिथे कोण आहे आपलं? अमरावतीला? तिथेही खोलीच. मग काका म्हणाले, "बाहेर ठेवायचीच हाय, तं मंग पुण्यालेच ठेवा ना. भाऊ हाय तिथं." झालं. शेजारचा तालुका, जिल्हा, विभाग अशा तिन्ही पायऱ्या ओलांडून पोरगी थेट पुण्यात. आमच्या भागातून रात्री ट्रॅव्हल्स निघते, सकाळी वाकडला उतरवते. पुण्याला जायला एक गाडी, आणि वाशिमला काम करून परत यायला अख्खा दिवस!

बघा, इथे कुणीच चुकीचं वागलं नाही. प्रत्येकाने शहाणा निर्णय घेतला. रोज घरी परतता येणं बंद झालं की ५० किलोमीटर आणि ५०० किलोमीटर यात घरच्यांना फारसा फरक उरत नाही. मग माणूस सगळ्यात लांबच्या, सगळ्यात मोठ्या शहराकडेच जातो, कारण तिथे निदान पुढे नोकरीची आशा आहे आणि गावचं कुणीतरी आहे.

आणि तिच्यामागे पैसाही जातो. खोलीचं भाडं, मेस, क्लासची फी. मानोऱ्यात पिकलेल्या सोयाबीनचा पैसा वाकडच्या घरमालकाकडे. हाच पैसा मधल्या एखाद्या शहरात खर्च झाला असता तर तिथे मेस चालली असती, पुस्तकांचं दुकान चाललं असतं, दुसरं कॉलेज निघालं असतं. पायरी नाही म्हणून कुणी थांबत नाही, आणि कुणी थांबत नाही म्हणून पायरी होत नाही.

"पण शहरं मोठीच बरी ना?"

यावर एक आक्षेप आहे आणि तो खरा आहे. मोठ्या शहरात एकाच ठिकाणी खूप कंपन्या, खूप कामगार असतात. एक नोकरी सुटली तर दुसरी मिळते. मी जे काम करतो ते शिकायला मला वरचे सीनियर लागले, ते सगळे एका गावात जमलेले होते म्हणून मी शिकलो. मानोऱ्यात आयटी पार्क काढा, असं मी म्हणणार नाही. रिकामी इमारत उभी राहील आणि चार वर्षांनी तिथे सोयाबीनचं गोदाम होईल.

प्रत्येक सोयीला चालायला काही माणसं लागतात. वॉल्टर क्रिस्टालर नावाच्या जर्मन भूगोलतज्ज्ञाने १९३३मध्ये हे मांडलं. किराण्याचं दुकान दोनशे घरांवर चालतं. डायलिसिसचं केंद्र, एमआरआय, चांगली लॅब असलेलं कॉलेज यांना लाख-दोन लाख माणसं लागतात. त्यामुळे सगळं सगळ्या गावांत देता येणार नाही, हे मान्यच.

पण मग वाशिमच्या चार शहरांची बेरीज परत बघा. २ लाख ११ हजार. म्हणजे गायब असलेली ती पायरी, दोन-तीन लाखांचं शहर, आमच्याकडे आहेच की! फक्त ते चार तुकड्यांत पडलंय. मालेगाव आणि मानोरा धरले तर सहा. चार सर्व्हर आहेत, पण मध्ये नेटवर्क नाही अशी गत. एक कारंजात, एक मंगरुळात, आणि एकाचं काम दुसऱ्याला मिळत नाही.

ते नेटवर्क म्हणजे काही बुलेट ट्रेन नाही. सकाळी सहा ते रात्री नऊ, दर तासाला नक्की सुटणारी बस. आणि सगळं सगळीकडे देण्याऐवजी वाटून देणं: एका गावी सायन्सचं मोठं कॉलेज, एका गावी डायलिसिस, एका गावी कृषी प्रक्रिया. माझी बहीण रात्री आठला घरी परतू शकली असती तर ती आज पुण्यात नसती.

शक्य आहे का हे? आमच्याच तालुक्यात पोहरादेवी आहे. संत सेवालाल महाराजांचं स्थान, बंजारा समाजाची काशी. रामनवमीला देशभरातून लाखो लोक येतात. तेवढ्या दिवसांत जादा गाड्या धावतात, पाण्याची सोय होते, रात्रभर वाहतूक चालते. ऑक्टोबर २०२४मध्ये तिथे बंजारा विरासत संग्रहालयही सुरू झालं. म्हणजे मनावर घेतलं की या तालुक्यात गाडी वेळेवर येते. ती बाकीच्या दिवशीही यावी, एवढंच मागणं आहे.

आणि नुसत्या सरकारी पाट्यांवरच शहर वाढतं असंही नाही. इचलकरंजी बघा. जिल्ह्याचं ठिकाण नाही, गावात रेल्वे नाही. पण यंत्रमागाचं काम होतं, आणि २०११मध्येच लोकसंख्या २ लाख ८७ हजारांच्या आसपास होती. २०२२मध्ये महानगरपालिका झाली. हातांना काम मिळालं तर पायरी तयार होते. आमच्याकडे सोयाबीन आणि तूर पोत्यात भरून ट्रकमध्ये बाहेर जाते, आणि तेल व डाळ होऊन पाकिटात परत येते. मधलं काम दुसऱ्याच्या गावात होतं.

दिग्रसची शिट्टी

आता एक पुढची गोष्ट, जी अजून हातात आहे.

वर्धा–यवतमाळ–नांदेड रेल्वेमार्गाचं काम चालू आहे. त्यातला वर्धा ते कळंब हा पहिला टप्पा फेब्रुवारी २०२४मध्ये सुरूही झाला. हा मार्ग पुढे दारव्हा, दिग्रस, पुसद करत नांदेडला जाणार. नकाशा उघडून बघा, मानोऱ्याला वाशिमपेक्षा दिग्रस जवळ आहे.

पण दिग्रस यवतमाळ जिल्ह्यात. आमची कचेरी वाशिमला. जिल्ह्याचा आराखडा जिल्ह्याच्या हद्दीपर्यंतच बघतो. मग मानोरा ते दिग्रस स्टेशन हा रस्ता, ही बस, हे वेळापत्रक कोण ठरवणार? लोकसभेला यवतमाळ-वाशिम असा एकच मतदारसंघ आहे, म्हणजे मतं मागायला दोन्ही जिल्हे एकत्र येतात. बसच्या वेळापत्रकासाठीही यायला हरकत नाही.

रेल्वे येण्याआधीच हे ठरलं तर मानोरा पहिल्यांदाच एखाद्या रुळाच्या कडेला असेल. नाही ठरलं तर शिट्टी दिग्रसला वाजेल आणि आमच्याकडे ट्रॅव्हल्सचे बोर्डच राहतील.

मोजणीत आपण कुठे?

आता तुमचं काम.

नवी जनगणना २०२७ची आहे. संदर्भाची तारीख १ मार्च २०२७. मोबाईल अ‍ॅपवर मोजणी होणार आहे, आणि स्वतःची माहिती स्वतः भरायची सोयही असणार आहे. प्राथमिक आरोग्य केंद्र ३०,००० लोकांमागे एक, उपकेंद्र ५,००० लोकांमागे एक, असे सरकारचे निकष असतात. प्रभाग, मतदारसंघ, निधी, सगळं याच डोक्यांवर चालतं.

यात एक अडचण आहे. फेब्रुवारी-मार्च म्हणजे ऊसतोडीचा हंगाम. आमच्या भागातल्या तांड्यांतली कितीतरी कुटुंबं तेव्हा कारखान्यांकडे असतात, काही वीटभट्टीवर, काही बांधकामावर. २०११मध्ये नियम असा होता की मोजणीच्या त्या वीस दिवसांत जो घरी एकदाही नव्हता, त्याला जिथे सापडेल तिथे मोजायचं. नियमात चूक नाही. पण परिणाम काय? तांड्यातलं घर कुलूपबंद, माणूस फडात मोजला गेला. आणि फडातल्या कोपीपर्यंत मोजणारा पोचलाच नाही तर तो कुठेच नाही. जून उजाडला की माणसं परत येतात, पण आकडा येत नाही.

म्हणून तीन गोष्टी सांगतो.

एक. तुमच्या ओळखीचं कुणी हंगामी कामाला बाहेर असेल, तर मोजणीच्या दिवसांत फोन करून विचारा: मोजायला कुणी आलं होतं का? मुकादमालाही विचारायला सांगा. जिथे असाल तिथे, पण मोजले जा.

दोन. २०११मध्ये जन्मस्थळ, याआधी कुठे राहत होता, आणि तिथून का निघालात, असे प्रश्न होते. यावेळीही असे प्रश्न आले तर नीट उत्तर द्या. पुण्यात आपल्याला कुणी गाव विचारलं की आमच्याकडची पोरं "अकोल्याकडचा" म्हणून मोकळी होतात, कारण मानोरा म्हटलं की पुढे दहा मिनिटं समजावून सांगावं लागतं. चहाच्या टपरीवर चालतं ते. जनगणनेत नाही. तिथे मानोरा म्हणा, तालुका मानोरा, जिल्हा वाशिम. आणि कारण शिक्षण असेल तर शिक्षण म्हणा. कुठल्या तालुक्यातून किती मुली शिकायला बाहेर पडल्या, हे त्याशिवाय कुणालाच दिसणार नाही.

तीन. आपापल्या भागाचा तो भागाकार करून बघा. जिल्ह्यातली शहरं उतरत्या क्रमाने लावा, मग विभागातली लावा, आणि कुठली पायरी गायब आहे ते शोधा. नंदुरबारवाले, हिंगोलीवाले, गडचिरोलीवाले, सिंधुदुर्गवाले, तुमचे आकडे मला पाठवा. आपण एकत्र एक नकाशा करू. पुण्या-मुंबईच्या गर्दीवर सगळेच बोलतात, या खड्ड्यांचा नकाशा फारसा कुणी काढत नाही.

पुण्यात आलेल्या माणसाला परत पाठवा, असं मी म्हणत नाही. ज्याला यायचंय त्याने खुशाल यावं, मीही आलो. पण येणं हा एकमेव रस्ता नसावा. दिवा लागायच्या वेळेपर्यंत घरी पोचून, हवा तो विषय शिकता येणं, ही मागणी काही फार मोठी नाही.

आज एवढंच. मावसबहिणीची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे, तिला शुभेच्छा द्या. आणि पुढच्या भागात बोलू एसटीच्या वेळापत्रकावर: ते कोण ठरवतं, कसं ठरवतं, आणि त्यात बदल मागायचा तर अर्ज कुठे करायचा. भेटूया.